पाळीनें दिलेली वीज : मायक्रोकंट्रोलरमधील पल्स विड्थ मॉड्युलेशन

गेल्या दहापंधरा वर्षांत शेतकऱ्याच्या घरीं व शेतावर जीं नवीं यंत्रें आलीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत नखाएवढा एक गणक बसविलेला असतो. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप, सौर दिवा, विहिरीवरील सौर पंपाची पेटी हीं सर्व त्याच जातीचीं. मुरबाड तालुक्यांतील आपल्या धसईच्या बाजारपेठेंत डिसेंबर २०१६ मध्यें कार्डानें पैसे घेण्याचीं यंत्रें दुकानोदुकानीं लागलीं, आणि राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून धसईचें नांव वर्तमानपत्रांत आलें. यंत्र हातीं आलें म्हणजे तें चालविण्यास आपले लोक लौकर शिकतात, हें तेव्हां दिसून आलें. परंतु चालविणें निराळें आणि समजणें निराळें. जें यंत्र समजत नाहीं त्याची किंमत विकणारा सांगेल ती, आणि त्याचा दोष दुरुस्तीवाला सांगेल तो, असा व्यवहार होतो. सौर पंप किंवा पॅनेल ही चारदोनशें रुपयांची बाब नव्हे. एकदां चुकीची जोडी घेतली म्हणजे तिचें नुकसान पुढें वर्षानुवर्षें सोसावें लागतें.

ह्या सर्व यंत्रांत एकच युक्ति पुनः पुनः योजलेली आहे. तिला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, आणि यंत्रांवर पी. डब्ल्यू. एम. हीं तीन अक्षरें छापलेलीं असतात. मराठींत तिला स्पंदरुंदी-नियमन म्हणतां येईल. नांव अवघड आहे. पण पाटाच्या पाण्याची पाळी ज्यास ठाऊक आहे, त्यास ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. ती क्रमाक्रमानें पाहूं.

१. मूळ तत्त्व

समजा, एका पाटास दार आहे. तें एक तर पुरें उघडतें, नाहीं तर पुरें मिटतें. अर्धवट उघडण्याची सोय त्यास नाहीं. पुरें उघडें असतां त्यांतून तासास आठ घनमीटर पाणी येतें. आणि एका शेतास तासास दोनच घनमीटर पाहिजे आहे. अशा वेळीं काय करावें? दर तासांतून पंधरा मिनिटें दार उघडें ठेवावें व पंचेचाळीस मिनिटें मिटावें. तासाअखेर शेतांत बरोबर दोन घनमीटर पाणी पडलेलें असेल. पाण्याचें माप दारानें ठरविलें नाहीं, तें वेळानें ठरविलें.

मायक्रोकंट्रोलर हा गणक ह्या दारासारखाच आहे. त्याच्या प्रत्येक पायास दोनच अवस्था असतात : पुरे पांच व्होल्ट, अथवा शून्य. "थोडें" म्हणून जें आपण म्हणतों तें त्यास देतां येत नाहीं. म्हणून तो चालू आणि बंद ह्यांची पाळी लावतो. एक चालू व त्यामागून एक बंद मिळून एक आवर्तन झालें. त्या आवर्तनापैकीं जितका भाग चालू, त्यास ड्यूटी सायकल म्हणतात. आपण त्यास चालू-अंश म्हणूं. चालू-अंश शेंकडा २५ असेल तर बारा व्होल्टांच्या बॅटरीपासून मोटरीस सरासरी तीन व्होल्ट मिळतात. शेंकडा ५० असेल तर सहा, व शेंकडा ७५ असेल तर नऊ. आवर्तनाची लांबी बदलत नाहीं. त्यांतील चालू स्पंदाची रुंदी तेवढी कमीजास्त होते. म्हणूनच हें नांव पडलें. भेद एवढाच, कीं पाटाची पाळी तासांनीं मोजतात, आणि विजेची पाळी सेकंदास शेंकडों किंवा हजारों वेळां लागते.

२. अडवून कमी करणें व पाळीनें कमी करणें

कोणी विचारील, कीं एवढी उघडझाप करण्यापेक्षां वाटेंत अडथळा घालून वीज कमी कां करूं नये? पूर्वीं तसेंच करीत. पंख्याच्या जुन्या मोठ्या रेग्युलेटरमध्यें तारेचें वेटोळें असे व तें हातास गरम लागे. ती उष्णता म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेली वीजच होय.

हिशेब करून पाहूं. फवारणी पंपाची बॅटरी बारा व्होल्टांची व आठ अँपिअर-तासांची आहे. म्हणजे तींत ९६ वॅट-तासांचा साठा आहे. पंप मंद चालविण्यास मोटरीस सहा व्होल्ट व दोन अँपिअर, म्हणजे १२ वॅट पाहिजेत, असें धरूं. अडथळा घातला तर बॅटरींतून दोन अँपिअर सतत निघतील. बॅटरी २४ वॅट देईल, त्यांतील १२ मोटर घेईल, आणि उरलेले १२ अडथळ्यांत तापून वाऱ्यावर जातील. चार तासांत बॅटरी रिकामी.

आतां पाळीची रीति पाहा. चालू-अंश शेंकडा ५० ठेवला. दार मिटलेलें असतां त्यांतून वीज जातच नाहीं, म्हणून तेथें नुकसान नाहीं. दार पुरें उघडें असतां त्यांत अडथळाच जवळजवळ नाहीं, म्हणून तेथेंही नुकसान नाहीं. बॅटरींतून सरासरी एकच अँपिअर निघतो, आणि तीच बॅटरी जवळजवळ आठ तास पुरते. प्रत्यक्षांत थोडी घट येतेच, तरी पंप, बॅटरी व काम तेंच असतां काम सुमारें दुप्पट वेळ चालतें. सर्व विषयाचें सार ह्यांत आहे : जें वाया जातें तें अर्धवट उघड्या दारांत, पुऱ्या उघड्या किंवा पुऱ्या मिटलेल्या दारांत फारसें कांहीं वाया जात नाहीं.

हें दार म्हणजे ट्रान्झिस्टर होय. लहान कामास मॉसफेट जातीचा व मोठ्या शक्तीच्या कामास बहुधा आय. जी. बी. टी. जातीचा वापरतात. गणकाच्या पायांत मोटर चालविण्याइतकी शक्ति नसते. तो फक्त दारवानास इशारा करतो, आणि दार हा ट्रान्झिस्टर उघडतो.

ह्याच भेदाचें मोठें उदाहरण आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यांतून रोज धांवतें. आसनगांव, खर्डी, कसारा ह्या स्टेशनांवरून मुंबईस जाणाऱ्या जुन्या लोकल गाड्या १५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर चालत. गाडी सुटतांना मोटरींच्या वाटेंत मोठे अडथळे घालून वीज जाळावी लागे, आणि गति वाढेल तसतसे ते एकेक काढून घेत. मुंबईचे सर्व उपनगरी मार्ग २०१६ पर्यंत २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेवर गेले. तत्पूर्वींच २००७ पासून तीन-फेज मोटरींच्या नव्या गाड्या येऊं लागल्या होत्या. त्यांत अडथळे नाहींत. उघडझाप करणारीं दारें आहेत. अशी गाडी सुटतांना जो चढता सूर कानीं येतो, तो ह्या उघडझापीनें मोटरींत उठणारा सूर होय. शिवाय ब्रेक लागतांना त्याच मोटरी वीज उत्पन्न करून ती तारेंत परत देतात. अडथळ्यानें जाळलेली वीज कोणासच परत देतां येत नाहीं.

३. गणकाच्या पोटांतील मोजणी

आतां ही पाळी गणक कसा सांभाळतो तें पाहूं. उदाहरणास आर्डुइनो ऊनो ही पाटी घेऊं. ही बाजारांत सहज मिळते, आणि ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तेथील मुलांच्या ती परिचयाची असते. तिच्यावर अ‍ॅटमेगा ३२८ पी नांवाचा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदास १ कोटी ६० लाख पडतात.

लग्नाचा मुहूर्त साधण्यास पूर्वीं पाण्याच्या घंगाळांत घटिकापात्र ठेवीत. तळाच्या बारीक छिद्रांतून पाणी आंत येऊन पात्र भरून बुडालें, कीं एक घटका झाली. मग तें रिकामें करून पुनः ठेवीत. समजा, त्या पात्राच्या आंतल्या अंगास एक खूण केली आणि माणसास सांगितलें, कीं रिकामें पात्र ठेवतांना पाटाचें दार उघड, पाणी खुणेस लागलें कीं दार मीट, आणि पात्र बुडालें कीं पुनः आरंभ कर. खूण जितकी वर, तितका वेळ दार उघडें; खूण जितकी खालीं, तितका वेळ कमी.

मायक्रोकंट्रोलरमध्यें टाइमर नांवाचा भाग हें घटिकापात्र होय. तो ० पासून २५५ पर्यंत मोजतो व पुनः ० वर येतो. खूण म्हणजे तुलनेच्या रजिस्टरमध्यें आपण लिहून ठेवलेला आंकडा. मोजणी शून्यावर आली कीं पाय चालू होतो. मोजणी त्या आंकड्याशीं जुळली कीं बंद होतो. रजिस्टरमध्यें ६४ लिहिले तर चालू-अंश सुमारें शेंकडा २५, १२८ लिहिले तर सुमारें शेंकडा ५०, आणि २५५ लिहिले तर पाय सतत चालू. टाइमरची ही मोजणी आपोआप चालते. गणकाचा मुख्य भाग त्या वेळांत उन्हाचा, विहिरीच्या पाण्याचा किंवा बॅटरीचा अंदाज घेण्यास मोकळा राहतो, आणि जरूर पडेल तेव्हां फक्त खूण हलवितो.

ह्या पाळीचा वेग त्रैराशिकानें काढतां येतो. टाइमर दर ६४ ठोक्यांस एक अंक पुढें सरकतो असें ठरविलें, तर एका आवर्तनास ६४ गुणिले २५६, म्हणजे १६,३८४ ठोके लागतात. १,६०,००,००० ठोक्यांस ह्या संख्येनें भागिलें असतां सेकंदास सुमारें ९७७ आवर्तनें येतात. ह्या पाटीच्या ५ व ६ क्रमांकांच्या पायांवर हाच वेग असतो. पाळी देणाऱ्या इतर पायांवर मोजणी चढत जाऊन मग उतरत येते, म्हणून तेथें वेग सुमारें अर्धा, म्हणजे ४९० असतो.

येथें एक देवाणघेवाण आहे ती ध्यानांत ठेवावी. घड्याळ तेंच असतां पायऱ्या वाढविल्या तर वेग कमी होतो. प्रत्येक ठोका मोजला तर २५६ पायऱ्यांनीं सेकंदास ६२,५०० आवर्तनें होतात; १०२४ पायऱ्यांनीं १५,६२५; आणि ६५,५३६ पायऱ्या मागितल्या तर अवघीं २४४. माप बारीक पाहिजे कीं पाळी जलद पाहिजे, हें काम पाहून ठरवावें लागतें.

४. सरासरी कोण काढतो

मोटरीस खरें पाहतां तीन व्होल्ट कधींच मिळत नाहींत. क्षणभर बारा मिळतात व मग कांहींच नाहीं. तरी ती आचके न देतां कशी फिरते? ह्याचें उत्तर रहाटांत आहे. रहाटाचें प्रत्येक गाडगें आपलें पाणी एकदम ओततें. पण पन्हळींतून पाटांत उतरल्यावर तेंच पाणी शेताच्या टोंकास बहुतेक सारखें वाहतें. मधल्या साठ्यानें धक्के गिळलेले असतात. तसाच साठा प्रत्येक यंत्रांत कोठें तरी असतो. मोटरींत तारांच्या वेटोळ्यांचा विद्युत्-चुंबकीय गुण प्रवाहास एकदम वाढूं देत नाहीं व एकदम थांबूंही देत नाहीं. शिवाय फिरत्या भागाचें वजन असतें. अंडीं उबविण्याच्या पेटींत हवेची व पेटीची ऊब हा साठा असतो. दिव्याच्या बाबतींत आपला डोळाच सरासरी काढतो.

साठा जितका मोठा तितकी पाळी सावकाश चालते. उबवणीच्या पेटींतील दिवा कांहीं सेकंद चालू व कांहीं सेकंद बंद ठेवला तरी चालेल. एल. ई. डी. दिव्यास मात्र सेकंदास शंभराहून पुष्कळ अधिक आवर्तनें पाहिजेत, नाहीं तर तो लुकलुकतो. मोटरीची पाळी सेकंदास शेंकडों किंवा थोडे हजार असेल तर ती गुणगुणते. २०,००० च्या वर नेली तर तो आवाज माणसाच्या कानास ऐकूं येत नाहीं. मग वेग पाहिजे तेवढा कां वाढवूं नये? दार उघडतां-मिटतां क्षणभर अर्धवट अवस्थेंतून जातेंच, आणि नुकसान तेथेंच होतें हें वर सांगितलें आहे. उघडझाप अति जलद केली कीं असे क्षण वाढतात व ट्रान्झिस्टर तापतो.

दुसरी गोष्ट. पाण्यानें भरलेल्या लांब नळाची चकती एकदम बंद केली तर नळ कसा हादरतो, हें पंप चालविणारास ठाऊक आहे. वाहत्या पाण्यास वाट पाहिजे असते. मोटरीच्या वेटोळ्यांतील प्रवाहाचेंही तसेंच. दार एकदम मिटलें कीं तो प्रवाह वाट फोडूं पाहतो व ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून मोटरीस समांतर एक डायोड बसवितात. दार बंद असतांना प्रवाह त्यांतून वळसा घेऊन मोटरींतच फिरत राहतो. मागील हिशेबांत मोटरीस दोन अँपिअर मिळत असतां बॅटरींतून सरासरी एकच निघाला, त्याचें कारण हा वळसा होय. पंप दुरुस्त करतांना हा दोन पायांचा लहानसा तुकडा कोणी निरुपयोगी समजून काढून टाकूं नये.

मापासंबंधीं एक बारकावा सांगणें अवश्य आहे. तापविण्याच्या तारेस बारा व्होल्टांची वीज शेंकडा २५ चालू-अंशानें दिली, तर तिला पूर्ण शक्तीच्या चौथाई शक्ति मिळते. तिलाच सतत तीन व्होल्ट दिले असते तर सोळावा हिस्साच मिळाला असता. मीटर दोन्ही वेळीं तीन व्होल्टच दाखवील, कारण एकदिश विजेच्या मापावर साधा मीटर सरासरी दाखवितो. म्हणून अशा ठिकाणीं केवळ मीटरच्या कांट्यावरून शक्तीचा अंदाज बांधूं नये.

५. सौर पंपांत हीच युक्ति

राज्य सरकारची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना २०२४ मध्यें सुरू झाली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा शेंकडा १० व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्याचा शेंकडा ५ ठरविला गेला. आपल्या डोंगरपट्टींतील ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली बंधूंस ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पॅनेलची वीज एकदिश असते, आणि विहिरीवरची मोटर पुष्कळदां तीन-फेज प्रत्यावर्ती विजेची असते. ह्या दोहोंमधील पेटींत सहा दारें असतात. त्यांची उघडझाप सेकंदास कांहीं हजार वेळां होते. पण प्रत्येक स्पंदाची रुंदी सारखी नसते. ती हळूहळू वाढत जाते, मग घटते, मग उलट दिशेनें वाढते व घटते. मोटरीच्या वेटोळ्यांनीं त्याची सरासरी काढली म्हणजे प्रवाह लाटेसारखा होतो. दारें चौकोनी तुकडे देतात. मोटरीस गोल लाट मिळते. अशा तीन लाटा एकामागून एक दिल्या कीं तीन-फेज वीज तयार झाली.

ह्या लाटेचा वेग गणकाच्या हातीं असतो. सरकारी तारेंतून ५० आवर्तनांचीच वीज येते, म्हणून तेथें पंप एकाच गतीनें फिरतो. पेटी मात्र ऊन कमी असेल तेव्हां २५ आवर्तनांची व त्याच मानानें कमी व्होल्टांची वीज देते. मग मोटर अर्ध्या गतीनें फिरते. ढग आला म्हणून पंप बंद पडत नाहीं, तो सावकाश होतो.

येथेंच पुष्कळ शेतकऱ्यांचा गोंधळ होतो. सकाळीं पंप फिरतांना ऐकूं येतो, पण पाणी येत नाहीं. मग पंप बिघडला अशी तक्रार होते. कारण असें आहे. गति अर्धी झाली कीं पंपाची पाणी चढविण्याची उंची अर्धी न होतां चौथाई होते, आणि लागणारी शक्ति आठवा हिस्सा होते. समजा, पूर्ण गतीनें पंप जास्तींत जास्त ४० मीटर उंची गांठूं शकतो. अर्ध्या गतीनें तो १० मीटरच गांठील. आपणांस पाणी १५ मीटर चढवावयाचें असेल तर तें नळांतच उभें राहील. हिशेब केला तर सुमारें ३१ आवर्तनांच्या गतीपासून पाणी वर येऊं लागेल, आणि त्या वेळीं पूर्ण शक्तीच्या चौथाईच्या आसपास शक्ति लागेल. म्हणजे ऊन तितकें वर येईपर्यंत थांबलें पाहिजे. त्यांत यंत्राचा दोष नाहीं. मात्र सागाची किंवा आंब्याची सावली पॅनेलवर पडत असेल तर ती वेळ विनाकारण लांबते. पंप बिघडला असें म्हणण्यापूर्वीं पॅनेलवरची धूळ व सावली पाहावी.

शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हीं मुंबईस पाणी देणारीं धरणें आहेत, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा काळ्या खडकाच्या मुलखांत विहिरीचा झरा बारीक असतो. पूर्ण गतीचा पंप विहीर तासाभरांत उपसून कोरडा फिरतो व खराब होतो. गति मर्यादित करण्याची सोय पेटींत असेल, तर झऱ्याच्या मानानें पंप सावकाश, पण दिवसभर चालवितां येतो. भातानंतर वाल, हरभरा किंवा भेंडी करणारास हा लाभ लहान नव्हे. पेटी बसविणारा माणूस आलेला असतांनाच ही मर्यादा, व विहीर कोरडी पडतां पंप थांबविण्याची सोय, त्याजकडून लावून घ्यावी.

६. बॅटरी भरण्याची पेटी : दोन जाती

घरच्या दिव्यांसाठीं पॅनेल व बॅटरी घेणारास दुकानांत दोन प्रकारच्या पेट्या दाखवितात. स्वस्त असते ती पी. डब्ल्यू. एम., व महाग असते ती एम. पी. पी. टी. कोणती घ्यावी, हें पॅनेलवर अवलंबून आहे.

पी. डब्ल्यू. एम. पेटी पॅनेल व बॅटरी ह्यांच्यामध्यें एक दार घालते. बॅटरी रिकामी असतां दार सतत उघडें, आणि बॅटरी भरत आली कीं पाळी लावून भरणा कमी करीत जाते. ही व्यवस्था चांगली आहे, तिनें बॅटरी जादा भरून खराब होत नाहीं. परंतु दार उघडें असतां पॅनेलास बॅटरीच्याच व्होल्टांवर काम करावें लागतें. बारा व्होल्टांचें म्हणून विकलें जाणारें १०० वॅटांचें पॅनेल सुमारें १८ व्होल्ट व साडेपांच अँपिअर देण्यास योग्य असतें. बॅटरी १३ व्होल्टांवर असेल तर १३ गुणिले साडेपांच, म्हणजे सुमारें ७२ वॅटच पदरीं पडतात. लहान पॅनेलास हें नुकसान सोसवतें. पण ३० व्होल्ट व ८ अँपिअर, म्हणजे २४० वॅटांचें पॅनेल ह्याच पेटीवर बारा व्होल्टांच्या बॅटरीस जोडलें, तर १०४ वॅटांच्या आसपासच मिळतात. निम्म्याहून अधिक पॅनेल फुकट गेलें, आणि तें रोज जातें.

एम. पी. पी. टी. पेटींतही उघडझापच असते. पण दारानंतर वेटोळें ठेवून ती जास्त व्होल्ट व कमी अँपिअर ह्यांचें कमी व्होल्ट व जास्त अँपिअर असें रूपांतर करते. गणक चालू-अंश किंचित् बदलतो व शक्ति वाढली कीं घटली तें पाहतो. वाढली तर त्याच दिशेनें पुढें जातो, घटली तर मागें फिरतो. दाट धुक्यांत टेंकडीचा माथा शोधणारा माणूस चढ लागेल तिकडे पाऊल टाकतो, तशीच ही रीति होय.

तेव्हां नियम असा : लहान पॅनेल आणि पॅनेल व बॅटरी एकाच मापाचीं असतील तर साधी पेटी पुरे. पॅनेलचे व्होल्ट बॅटरीच्या मानानें पुष्कळ अधिक असतील तर महाग पेटीच शेवटीं स्वस्त पडते.

कित्येक स्वस्त पेट्यांवर एम. पी. पी. टी. अशीं अक्षरें छापलेलीं असतात, पण आंत साधें दारच असतें. त्याची परीक्षा सोपी आहे. बॅटरी अर्धी रिकामी असतां भर उन्हांत एकदिश विजेचा चिमट्याचा मीटर प्रथम पॅनेलकडील तारेवर व नंतर बॅटरीकडील तारेवर धरावा. दोन्हीकडे अँपिअर सारखेच आले तर पेटी साधी आहे. वरील ३० व्होल्टांच्या पॅनेलावर बॅटरीकडे सुमारें दुप्पट अँपिअर आले तर पेटी खरी. अक्षरांवर विश्वास ठेवूं नये, मीटरवर ठेवावा.

७. वापरणारांस सूचना

(१) फवारणी पंप घेतांना बटण मंद करून पंप दहापंधरा मिनिटें चालवून पाहावा. बटणाजवळची पेटी बरीच तापली तर आंत वीज जळत आहे असें समजावें.

(२) सौर पंपाच्या पेटींतून मोटरीकडे जाणाऱ्या तारांवर जुन्या स्टार्टरचा कॅपॅसिटर लावूं नये. जलद उघडझापीनें त्यांत मोठा प्रवाह शिरून पेटीचीं दारें जळतात.

(३) पेटी बंद केल्यावरही आंतील कॅपॅसिटरमध्यें कांहीं मिनिटें प्राणघातक वीज शिल्लक असते. पेटीवर लिहिलेला वेळ गेल्याखेरीज झांकण उघडूं नये. पॅनेल उन्हांत असेपर्यंत त्याच्या तारा जिवंत आहेत असेंच समजावें.

(४) पंप चालू असतां पॅनेलचे जोड ओढून काढूं नयेत. एकदिश विजेची ठिणगी सहज विझत नाहीं. प्रथम पेटी बंद करावी, मग चकती.

(५) पेटी, मोटर व पॅनेलचा सांगाडा ह्यांस अर्थिंग केलेलें असावें, आणि उन्हाळा संपण्यापूर्वीं तें तपासून घ्यावें.

(६) योजनेंतील पंपास पांच वर्षांची दुरुस्तीची हमी जाहीर झालेली आहे. त्या मुदतींत गांवच्या कारागिराकडून पेटी उघडवून हमी घालवूं नये. तक्रार लेखी करावी व तिची तारीख आणि क्रमांक जपून ठेवावा.

शेवटीं सभासदांस एक सुचवावेंसें वाटतें. एकदिश विजेचा चिमट्याचा एक मीटर सोसायटीच्या कचेरींत ठेवावा व मागेल त्यास तो नोंद करून द्यावा. एकेकट्यास तो नेहमीं लागत नाहीं. पण नवी पेटी घेतल्या आठवड्यांत तो एकदां लावला, तर ती परत करण्याची मुदत गेलेली नसते. गांवांतील ज्या मुलांनीं शाळेंत आर्डुइनो हाताळला आहे, त्यांजकडून ही मोजणी करवावी. त्यांचा अभ्यास होईल, आणि सभासदांस आपल्या पॅनेलचे किती वॅट खरोखर पदरीं पडतात हें कळेल.